सत्यशीला चहा घेत नाही

आष्टी तालुक्यातल्या कडा गावच्या बाजारपेठेमागं आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. पुढं दोन खोल्या ऑफिसच्या, मागं दोन खोल्या माझ्या. त्यातल्या एकीत मी राहते आणि दुसरीत मागच्या अकरा वर्षांतले जुने बॅनर राहतात. संस्था म्हणजे मी, मदतीला विमलबाई, आणि आठवड्यातून तीन दिवस येणारे हिशेबनीस. समाजकार्याची पदवी माझ्याकडं नाही. तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची पोरं फील्डवर्कला येतात आणि त्यांच्या कागदावर सही मीच करते. ही पोरं पहिल्या दिवशी फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी ग्रामीण जीवन किती साधं असतं ते वहीत लिहितात आणि चौथ्या दिवशी पोट बिघडून आडवी होतात. त्यामुळं नवीन कुणी येणार म्हटलं की माझ्या कपाळावर आठ्याच पडतात.

सत्यशीला गर्जे आली आणि माझ्या लगेच लक्षात आलं, ही आडवी होणार नाही. ही बसणारसुद्धा नाही. पाठीवर सॅक, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, त्यावर क्रूस आणि समई. खुर्ची दाखवली तर "हो बाई" म्हणाली आणि खिडकीशी गेली. खिडकीतून दाराशी. दारातून फळ्याशी. चहा दिला तो तिनं चालता चालता प्यायला. अर्ध्या तासात माझी मान दुखायला लागली.

"पोरी, बस की गं. मला तुझ्याकडं बघून धाप लागायलीय."

"बसते बाई," असं म्हणून ती पायरीवर जाऊन उभी राहिली.

मुलगी आपल्याच तालुक्यातली, आष्टीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. बाप शहादेव, आई वनिता, दोघंही ऊसतोडीला जाणारे. दहावीचं वर्ष तिनं आष्टीला आत्याकडं काढलं. अकरावी-बारावी नगरला, मिशनच्या वसतिगृहात राहून केली. तिथल्या वॉर्डनबाईंनीच तिला कर्नाटकातल्या एका ख्रिस्ती विद्यापीठाचा फॉर्म भरायला लावला. समाजकार्याची पदवी, तीही इंग्रजीतून. नंबर लागला तेव्हा गावात दोन महिने दुसरा विषय नव्हता. पोरगी बाटणार, गळ्यात क्रूस घालून येणार, नाव बदलून मेरी ठेवणार, असं ज्याला जे सुचेल ते तो बोलला. शहादेवनं एवढंच विचारलं होतं, "तिथं पोटभर जेवायला देतेत का?" देतात म्हटल्यावर त्यानं विषय मिटवला.

तिथं काय असतं, हे मीही खोदून खोदून विचारलं. रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेची घंटा होते, पण जायची सक्ती नाही. ही जायची. कशाला, तर चॅपलमध्ये सगळे गप्प असतात आणि कुणी इंग्रजीत प्रश्न विचारत नाही. पहिलं वर्ष तिनं अर्धं रडून आणि अर्धं डिक्शनरी घेऊन काढलं. आता ती तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वर्षाला होती. ह्या वर्षी महिनाभर एका संस्थेत राहून सलग फील्डवर्क करायचं असतं. तिनं हट्टानं आपला तालुका मागून घेतला होता. तिच्या गाइड सिस्टर ग्रेसी. त्यांचं नाव घेताना ती ओढणी सारखी करायची.

ती आली तेव्हा दसरा झाला होता. म्हणजे आमच्याकडं ऊसतोडीच्या गाड्या हलायचे दिवस. वस्त्यावस्त्यांवर पत्र्याच्या पेट्या बाहेर निघालेल्या, बाजरीची पोती शिवलेली, कोंबड्यांच्या पाट्या तयार. माझं त्या दिवसांतलं काम एकच, निदान दहावी-बारावीची पोरं तरी मागं ठेवा म्हणून दारोदार फिरणं. मी सत्यशीलाला एकच घर दिलं. कड्याच्या बाहेर, ओढ्याकाठच्या वस्तीवरचं म्हाळूचं. म्हाळू आणि सुनिताची थोरली वनमाला दहावीत होती. शाळेत पहिल्या पाचांत असायची. ह्या वर्षी मात्र आईबाप तिला बरोबर नेणार होते, कारण पदरात दीड वर्षाची चिमी होती. आईबाप फडात ऊस तोडणार तर कोपीवर, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीत, चिमीला सांभाळणार कोण आणि भाकरी थापणार कोण? गाडी पुढच्या आठवड्यात गुरुवारी निघणार होती. त्या गाडीत वनमाला बसली की तिची दहावी संपली. नऊ दिवस हातात होते.

मंगळवारी आम्ही दोघी गेलो. सुनितानं सत्यशीलाला दारातच ओळखलं.

"आगं, तू वनिताची शिली न्हवं का? आमच्या कोपीला लागून तुमची कोपी हुती. तुला कडंवर घिऊन हिंडलेय मी!" तिनं सत्यशीलाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. सतरंजी टाकली, सत्यशीला तिच्या कडेला जेमतेम टेकली. वनमाला चुलीशी बसून आमच्याकडं बघत होती, बोलत काहीच नव्हती. सुनितानं चहा ठेवला. दूध घरात एवढंसं होतं, तेही शेळीचं, चिमीसाठी काढून ठेवलेलं. माझ्या डोळ्यांदेखत तिनं ते सगळं चहात ओतलं आणि दोन कप आमच्यापुढं सरकवले.

मी माझा कप उचलला. सत्यशीलानं हात मांडीखाली घातले.

"नको मावशी. फील्डवर्कला असताना आम्हाला काही घेता येत नाही."

सुनिता हसली. तिला वाटलं, पोरगी लाजतेय. "घी गं, घोटभर हाय."

"खरंच नको."

मग सत्यशीलानं वही उघडली आणि घरात किती माणसं, कोण किती शिकलं, असले प्रश्न सुरू केले. सुनिता उत्तरं देत होती, पण तिची नजर कपावर होती. चहावर साय धरली. मी सत्यशीलाच्या गुडघ्याला दोनदा गुडघा लावला, पण तिनं पाय आखडून घेतला. निघालो तेव्हा सुनिता दारापर्यंत आली नाही. पाठीमागं कप उचलल्याचा आवाज तेवढा आला.

रस्त्याला लागलो आणि माझं डोकं फिरलं.

"तू ह्याच मातीतली ना गं? आपल्याकडं चहा टाकून कोण उठतं? ज्याला त्या घरात भांडण करायचं असतं तो! मुकादमसुद्धा चहा घेतल्याशिवाय तोडीचं बोलणं पक्कं करत नाही. त्या बाईनं लेकराचं दूध ओतलं तुझ्यासाठी."

"माहितीय बाई."

"माहितीय?"

"मी दूध बघितलं. मला सगळं कळत होतं." ती माझ्यापुढं चार पावलं चालत होती, मागं न बघता. "पहिल्या वर्षी मी एका म्हातारीकडं भाकरी खाल्ली. रिपोर्टमध्ये लिहिलं. सिस्टरनी लाल पेननं शेरा मारला, जवळीक आणि काम यातला फरक कळत नाही. फील्डवर्कमध्ये मी नापास होता होता राहिले. ह्या वर्षी पुन्हा तसं झालं तर माझं वर्ष जाईल, बाई. पुन्हा कोण पाठवेल मला?"

मला तिची कीव आली आणि रागही तेवढाच आला. मी दोन्हीपैकी राग दाखवला, कारण तो मला चांगला जमतो.

बुधवारी गेलो तर दाराला बाहेरून कडी. शेजारीण म्हणाली, "बाजारात गेलेत." गुरुवारी पुन्हा कडी. शुक्रवारी कडी नव्हती, पण म्हाळू दारात आडवा उभा होता. "आता काय काम न्हाई बाई तुमचं. तुमचा टाइम कावून घालवायलात? आमच्या घरचं पानी ज्याला जड हाय त्येनं आमच्या लेकीचं काय भलं करायचं?" हे तो माझ्याकडं बघून बोलला. सत्यशीला माझ्या मागं उभी होती, तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही. अकरा वर्षांत माझ्या तोंडावर कुणी दार लावलं नव्हतं.

शनिवारी पोरीनं नुसत्या येरझाऱ्या घातल्या. ऑफिसातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. लिहायला बसली की दोन ओळींत उठायची. जेवणाचं ताट हातात घेऊन भिंतीला टेकून जेवायची. माझी झोप हलकी झाली, भाजीत मीठ दोनदा पडलं आणि हिशेबनीसांवर मी विनाकारण खेकसले. संध्याकाळी ती मागच्या दुसऱ्या खोलीच्या दारात उभी राहून बॅनरच्या गुंडाळ्या बघत होती.

"बाई, ही खोली..."

"संस्थेला मुलं ठेवायची परवानगी नाही," मी लगेच म्हणाले. "निवासी काम आपण करत नाही. नियम आहे."

"हो," ती म्हणाली आणि पुन्हा अंगणात गेली. मी बराच वेळ उगीचच डाळ निवडत बसले.

रविवारी सिस्टर ग्रेसींचा फोन आला. दर रविवारी अहवाल सांगायचा असतो. माझ्याशीही बोलायचं म्हणून तिनं स्पीकर लावला. बाई केरळच्या, हिंदी तुटकं, पण आवाज मऊ. मी मनात खडूस म्हातारी रंगवली होती, ती पुसावी लागली. सत्यशीलानं सगळं सांगितलं, दुधापासून म्हाळूच्या बोलण्यापर्यंत.

"तुमच्याकडं चहा न घेणं म्हणजे भांडण?" सिस्टरनी विचारलं.

"हो, सिस्टर."

"मला हे माहीत नव्हतं. मला कसं कळणार? तुला माहीत होतं. मग तू मला का नाही सांगितलंस?"

सत्यशीला फिरायची थांबली, हे मी पहिल्यांदा बघितलं.

"आणि त्या म्हातारीचं," सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या रिपोर्टमध्ये तू तिची भाकरी कशी होती ते तीन पानं लिहिलं होतंस. तिची अडचण काय होती ते अर्धं पान. मी भाकरीसाठी नाही रागावले."

फोन संपल्यावर ती हसली. मग रडली. दोन्ही उभ्यानंच.

पण सिस्टरचं समजून घेणं म्हाळूच्या दारापर्यंत पोचत नव्हतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. आम्ही नुसत्या जाऊन परत आलो. बुधवारी पहाटे मी उठले तर ही आवरून तयार. "मी जाते बाई. आज दार उघडंच असणार, उद्या गाडी आहे." मी चपला शोधेपर्यंत ती कोपऱ्यापर्यंत पोचली होती.

दार खरंच उघडं होतं. अंगणात पेटी, ताडपत्री, पोती पडलेली. म्हाळू गाडीचं बघायला गेला होता. सुनिता दोरीनं पोतं आवळत होती. सत्यशीला उंबऱ्याशी गेली, निळ्या फितीचं ओळखपत्र गळ्यातून काढून सॅकमध्ये टाकलं आणि म्हणाली,

"मावशी, मला चा दे."

सुनितानं मान वर केली नाही. "दूध न्हाई."

"कोरा दे."

"गूळ पेटीत गेला."

"मग उलीशिक कडू दे. पन दे."

सुनितानं पोतं आवळून संपवलं. उठली, पायाशी बसलेली चिमी धप्पकन सत्यशीलाच्या हातात दिली आणि आत गेली. चिमीनं भोकाड पसरलं. सत्यशीला तिला घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायला लागली. पोरगी तिच्या खांद्यावर गप्प झाली, हे तेवढं तिच्या फिरण्याचं चांगलं झालं. वनमालानं चूल पेटवली. बऱ्याच वेळानं काळा, कडू चहा आला. सत्यशीला उंबऱ्यावर बसली. नीट मांडी घालून बसली आणि तिनं सगळा कप संपवला. मग म्हणाली, "आनखी हाय का?"

सुनिताच्या तोंडाचा ताण जरा सैल झाला. "तुझी आय आन् मी एका ताटात जेवलोत फडावर. आन् तू मला म्हंतीस चालत न्हाई. लई लागलं मला, शिले."

"चुकलं माझं, मावशी. मी भ्याले हुते."

"कुनाला?"

"कालेजाला."

"आन् आमाला न्हाई भ्याली," सुनिता म्हणाली.

आता ही पोरगी शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागणार, असं मला वाटलं. दरवर्षी मी तेच सांगते, पाठ झालंय. सत्यशीला वेगळंच बोलली.

"मावशी, दहावीला मला आय आत्याकडं सोडून गेली. आत्यानं चांगलं ठिवलं, खोटं कावून बोलू. पन रोज सांजच्याला सहाला फडावरनं येणाऱ्या गाड्या आष्टीच्या नाक्यावरून जायच्या. मी तिथं जाऊन हुभी ऱ्हायची. आय उन्हाळ्याबिगर येत न्हाई हे माहीत हुतं, तरी रोज जायची. पाच म्हैने. तवापासून मला बसवत न्हाई. मागं ऱ्हायलं की लई भारी वाटतं आसं मी वनमालाला सांगनार न्हाई. न्हाई वाटत. पन मी दहावी झाले."

सुनिता खाली बघत होती. "तुझी आय त्या साली मोळी बांधता बांधता तुझं नाव घ्यायची," ती म्हणाली. "एक दिस तंद्रीत पायावरच कोयता मारून घेतला. तुला सांगितलं न्हाई तिनं?"

"न्हाई."

चुलीपासून आवाज आला. "आय, मला ऱ्हायचंय." नऊ दिवसांत वनमाला पहिल्यांदा बोलली होती.

"ऱ्हायचंय, ऱ्हायचंय! कुनापशी ऱ्हातीस?" सुनिता एकदम तडकली. "आजी हुती तवर ठिवली. आता आजी न्हाई, आत्या न्हाई. वयात आलेली पोरगी पत्र्याच्या घरात एकली ठिवू? शिले, तू ऱ्हातीस का हिच्यापशी सहा म्हैने?"

मी सत्यशीलाकडं बघितलं. हो म्हणाली असती तर तिचं वर्ष गेलं असतं, आणि ती हो म्हणेल की काय अशी मला भीती वाटली. तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. हातातला रिकामा कप तिनं दोनदा फिरवला.

"न्हाई मावशी," ती म्हणाली. "मला म्हैन्याभरानं जायाचंय. मी हो म्हनाले तर ते खोटं ठरंल."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती बघती तर मला राग तरी धरता आला असता. माझ्याकडं बघितलं ते सुनितानं.

"बाई, अकरा वरीस तुमी येताव. दरवर्सी दसरा झाला की येताव. आमचा चा कंदी टाकला न्हाई तुमी." तिचा आवाज अगदी साधा होता. "पोरगी घेताव का?"

मला परवानगी, नियम, संस्था, सगळं आठवलं. तोंडही उघडलं. पण ज्या तोंडानं मी ह्या पोरीला रस्त्यात चहावरून झाडलं होतं, त्याच तोंडानं आता बॅनरच्या खोलीचं काय सांगणार होते? मला माझीच लाज वाटली. अकरा वर्षं मी घरोघर चहा पिऊन आले आणि पोरगी मागं ठेवा म्हणून सांगत राहिले. कुणाकडं ठेवू, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारू दिलं नाही.

"संस्था नाही घेणार," मी म्हणाले. "मी घेते. माझ्या घरात."

सुनितानं पदर तोंडाला लावला. म्हाळू आला तेव्हा त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. तो माझ्या दोन्ही खोल्या बघून गेला, कड्या आतून नीट लागतात का ते हलवून बघून गेला. चिमीचं काय करणार, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. गाडीतल्याच एका म्हाताऱ्या बाईनं कोपीवर सांभाळायचं कबूल केलं. मुख्याध्यापिकांना सांगून, शाळेत लेखी देऊन झालं. बॅनर ऑफिसात हलवले, हिशेबनीसांना आता पाय ठेवायला जागा नाही.

गुरुवारी गाडी गेली. सत्यशीलाचे उरलेले दिवस ती आणि वनमाला बॅनरच्या रिकाम्या झालेल्या खोलीत राहिल्या. संध्याकाळी सहा वाजले की दोघी ऑफिससमोरच्या पायरीवर जायच्या. वनमाला उभी, सत्यशीला बसलेली. होय, बसलेली. मी चहा नेऊन द्यायची आणि आत यायची.

महिना संपला. मी तिच्या कागदावर सही केली. त्यात एक रकाना होता, मर्यादांचं भान, पाचपैकी किती. मी पेन घेऊन बराच वेळ बसले. शेवटी पाच लिहिले, कारण त्या उंबऱ्यावर नाही म्हणायला मला जमलं नसतं. जाताना तिनं पुन्हा ती निळी फीत गळ्यात घातली आणि एसटीच्या खिडकीतून मला एकच गोष्ट बजावली.

"बाई, सहाला तिला एकटं सोडू नका."

आता रोज सहाला मी पायरीवर असते. वनमाला पुस्तक घेऊन येते, पण वाचत नाही, रस्त्याकडं बघते. गाड्या जातात. मला आत भाकरी टाकायच्या असतात, फोन करायचे असतात, जीव नुसता वर-खाली होतो, तरी मी हलत नाही. कधी कधी त्याच वेळेला कर्नाटकातून फोन येतो. मागं प्रार्थनेची घंटा ऐकू येते.

"बाई, कुठं आहात?"

"पायरीवर."

"बसलात का?"

"नाही गं," मी म्हणते. "उभीच आहे."